शब्द आहेत रे, क्रियापदं कुठायत?

पत्र (थोडं कापून छापतेय):

"ताई नमस्कार. मी २६ वर्षांचा, मूळचा गेवराई तालुक्यातला, झेडपीच्या शाळेत मराठी मीडियम, नंतर बी.कॉम. सध्या वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचला आहे. आमचा मोठा कस्टमर चेन्नईचा, दर सोमवारी कॉल असतो आणि त्यांना हिंदी जमत नाही म्हणून सगळं इंग्रजीत चालतं. तीन महिन्यांपासून एक ॲप घेतलंय, रोज ३० शब्द पाठ करतो, खाडे धरून वहीत चौदाशे झाले असतील, पण मागची पानं उलटली की डोकं कोरं. मागच्या महिन्यात पावसात ट्रकची ताडपत्री फाटून माल भिजला तर कॉलवर मला 'सर, रेन प्रॉब्लेम, मटेरिअल प्रॉब्लेम' एवढंच बोलता आलं, पुढचं मॅनेजरनी सांभाळलं. लाज वाटली. रूममेट बँकेच्या परीक्षांची तयारी करतो, तो म्हणतो रोज 'द हिंदू' पेपरचं एडिटोरिअल वाच. माझी मेमरी वीक आहे का? किती शब्द आले म्हणजे बास? कोणतं ॲप चांगलं? आणि क्लास लावू का, पंधरा हजार सांगतायत. वहीच्या पानाचा फोटो जोडलाय. — आर., वाळूज"

आर., मेमरीचं आधी निकालात काढू म्हणजे तुझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरेल. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून छापले होते, काहीच अर्थ नसलेली अक्षरं-जोड्या पाठ करायचा आणि किती वेळाने किती उरतात ते मोजायचा. तासाभरात निम्म्याहून जास्त उडालेलं असायचं, दुसऱ्या दिवशी कसंबसं एक तृतीयांश. आणि हा माणूस रोज तेच काम करत होता, तू तर दिवसभर गाड्या लोड करून रात्री साडेदहाला वही घेऊन बसतोस. तेव्हा मेमरी ठीक आहे तुझी. जे जोडायला काहीच नाही ते सुटतं, सगळ्यांचंच सुटतं.

आता तो फोटो. पान बघितलं मी. ग्रिगेरियस, लोक्वेशस, ऑब्सिक्विअस, समोर मराठी अर्थ, अक्षर छान आहे. पण मला सांग, यातला एक तरी शब्द चेन्नईच्या त्या माणसाने आजपर्यंत कॉलवर वापरलाय का? ही यादी परीक्षावाल्यांची आहे रे, जिथे पेपर काढणाऱ्याला मुद्दाम अवघड शब्दच हवे असतात, आणि ॲपवाल्यांना तीच यादी बरी पडते कारण ती बघून माणसाला वाटतं की आपल्याला काहीच येत नाही, मग तो पैसे भरतो. तुझ्या रूममेटला ती लागेल, तुला नाही.

किती शब्द म्हणजे बास, याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज होता, इंग्रजांच्या काळात आपल्याच उपखंडात, ढाक्याला शिक्षण खात्यात नोकरी केली त्याने, बंगाली पोरं इंग्रजी वाचताना कुठे अडकतात हे बघता बघता शब्द मोजायच्या मागे लागला. १९५३ मध्ये त्याची साधारण दोन हजार शब्दांची यादी आली, सगळ्यात जास्त वापरात असलेल्या शब्दांची. ती आता जुनी झाली, नव्या याद्या निघाल्या, पण हिशोब अजून तोच आहे: कुठलाही साधा इंग्रजी मजकूर घे, त्यातले शंभरातले ऐंशीच्या आसपास शब्द याच वरच्या दोन हजारातले निघतात. बोलण्यात तर त्याहून जास्त. हे झालं पहिलं उत्तर. दुसरं उत्तर न्यूझीलंडच्या पॉल नेशन या प्राध्यापकांचं, त्यांनी २००६ मध्ये मोजून दाखवलं की पेपर किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्द-कुटुंबं ओळखीची लागतात, ऐकून समजायला सहा-सात हजार. शब्द-कुटुंब म्हणजे डिसाइड, डिसायडेड, डिसिजन हे सगळं मिळून एक. आकडा मोठा वाटतो पण 'ओळखीची' हा शब्द नीट वाच. ओळखायला आठ हजार, तोंडातून काढायला मात्र हजार-दोन हजारात माणूस नोकरी करतो, भांडतो, सॉरी म्हणतो, पगारवाढ मागतो. तुझं दुखणं दुसऱ्या बाजूचं आहे, तोंडातून काढायचं.

आणि हे मी तुझ्याच वाक्यावरून म्हणतेय. "रेन प्रॉब्लेम, मटेरिअल प्रॉब्लेम." नीट बघ या वाक्याकडे. चार शब्द, चारही इंग्रजी, चारही बरोबर, आणि चारही नामं. काय घडलं ते सांगणारा शब्दच नाही. पाऊस काय झाला, पडला, थांबला, घुसला? माल काय झाला, भिजला, पडला, हरवला? 'प्रॉब्लेम' हे आपलं सगळ्यांचं आवडतं बूच आहे, जिथे क्रियापद सापडत नाही तिथे लावून टाकायचं. लेबल प्रॉब्लेम, ड्रायव्हर प्रॉब्लेम, सर्व्हर प्रॉब्लेम.

हे का होतं तेही सांगते, कारण हे तुझं एकट्याचं नाही, मराठीतून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं आहे. आपण इंग्रजीतून उचललं काय? वस्तूंची नावं. तू दिवसभरात किती इंग्रजी शब्द बोलतोस एकदा मोज, इनव्हॉइस, लोडिंग, पॅलेट, कार्टन, लॉट, बिन, शॉर्टेज, रिजेक्शन, पेंडिंग, स्टॉक, गेटपास, ट्रान्सपोर्टर, ई-वे बिल, काटा सोडला तर तुमच्या डिस्पॅचला मराठी नाव असलेली वस्तू शोधावी लागेल. पण क्रियापद? ते आपण आपलंच ठेवलंय. इनव्हॉइस 'काढला', एंट्री 'मारली', मेल 'टाकला', गाडी 'लागली', पीओ (खरेदीची ऑर्डर) 'आला', शॉर्टेज 'निघालं'. काही क्रियापदं 'करणे'ची शेपूट लावून आली हे खरं, चेक करतो, कन्फर्म करतो, कॅन्सल करतो, ती तुझ्याकडे आयती आहेत, शेपूट काढली की झालं. पण काढणे, मारणे, टाकणे, लावणे, लागणे, निघणे, बसणे, ही जी आपली रोजची राबणारी क्रियापदं आहेत ना, तिथे इंग्रजीत मोठं भगदाड पडलंय आणि तू ते ग्रिगेरियसने बुजवायला निघालास.

एक 'लावणे' घे फक्त. गाडी डॉकला लावली. पेटीला लेबल लावलं. ट्रान्सपोर्टरला फोन लावला. रिपॅकिंगला दोन माणसं लावली. ड्रायव्हरने फार वेळ लावला. आपल्याला हे सगळं एकच वाटतं, इंग्रजीत पाचांना चार वेगळी क्रियापदं: वी प्लेस्ड द ट्रक ॲट द डॉक, वी पुट अ लेबल ऑन द बॉक्स, आय कॉल्ड द ट्रान्सपोर्टर, वी पुट टू मेन ऑन द रीपॅकिंग, द ड्रायव्हर टूक टू लाँग. बघ, यात एक तरी शब्द असा आहे का जो तुला समजला नाही? प्लेस, पुट, कॉल, टेक. पाचवी-सहावीतले शब्द. तुला ते सगळे 'येतात', फक्त कुठल्या नामाबरोबर कुठलं जातं ही जोडी बसलेली नाही, आणि बोलताना मेंदू जोडी शोधत बसतो तोपर्यंत समोरचा "हॅलो? आर यू देअर?" करतो.

तुझा तो भिजलेला माल आपण परत एकदा कॉलवर सांगू. द ट्रक कव्हर गॉट टॉर्न. रेनवॉटर केम इन. द टॉप टू लेयर्स गॉट वेट. द पार्ट्स आर फाइन, ओन्ली द बॉक्सेस आर डॅमेज्ड. वी आर रीपॅकिंग देम नाऊ. द ट्रक विल लीव्ह बाय सिक्स. संपलं. ताडपत्रीला टार्पोलिन म्हणतात हे माहीत असायची गरजच पडली नाही, ट्रक कव्हर म्हटलं, कळलं त्याला. आणि हे जे 'गॉट' आहे ना, याला धरून ठेव, भिजला, फाटली, अडकला, उशीर झाला, हरवला, आपोआप घडलेल्या गोष्टींचं अर्धं गाडं त्याच्यावर चालतं. गॉट वेट, गॉट टॉर्न, गॉट स्टक, गॉट डिलेड, गॉट लॉस्ट. हे असं एक क्रियापद आठवडाभर राबवलंस तर तुझ्या ३० शब्दांच्या सात पानांपेक्षा जास्त बोलशील.

यात शाळेचाही हात आहे, म्हणजे कुठल्या एका शाळेचा किंवा मास्तरांचा म्हणत नाही मी, पद्धतीचा. २००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे तुझी बॅच पूर्ण दहा वर्षं इंग्रजी शिकलेली. पण शिकवलं कसं? डब्ल्यू-ए-टी-ई-आर वॉटर, वॉटर म्हणजे पाणी, सगळा वर्ग एका सुरात. एक शब्द, एक स्पेलिंग, एक अर्थ. पाणी तुंबलं, पाणी गळतंय, पाणी तापत ठेव, पाणी शिंपड, हे कुणी कधी विचारलंच नाही. आणि तू आज जे वहीत करतोयस ते तेच आहे, फक्त वॉटरच्या जागी ऑब्सिक्विअस आलंय.

तर वही बदल. जुनी फेकू नकोस, ठेव बाजूला. नव्या वहीत डाव्या पानावर मराठी वाक्य लिहायचं, ते पण असं जे तू आज खरंच कामावर बोललास. "बारा पीस कमी निघाले." "गाडी टोलला अडकलीय." "कार्टन संपलेत, उद्या येतील." "चलनावर सही-शिक्का घेतलाय." उजव्या पानावर त्याचं इंग्रजी: वी फाउंड ट्वेल्व्ह पीसेस शॉर्ट. द ट्रक इज हेल्ड अप ॲट द टोल. वी हॅव रन आउट ऑफ कार्टन्स, वी विल गेट देम टुमॉरो. वी गॉट द चलन साइन्ड अँड स्टँप्ड. रोज पाच-सहा वाक्यं, जास्त नाहीच. नुसता सुटा शब्द लिहायला बंदी, त्याच्याबरोबर त्याचं क्रियापद आणि ते छोटं ऑन-ॲट-बाय जे काय असेल ते आलंच पाहिजे. आणि पाठांतर उजवीकडून डावीकडे करायचं नाही, उजवं पान हाताने झाकायचं, मराठी वाचायचं आणि इंग्रजी तोंडाने मोठ्याने म्हणायचं. इंग्रजी बघून मराठी अर्थ आठवणं फार सोपं असतं, त्याने आपल्याला येतंय असा भास होतो, कॉलवर मात्र काम उलट दिशेचं असतं.

हे उजव्या पानावरचं आणायचं कुठून, मला कोण सांगणार, असं म्हणशील. अरे तुझा इनबॉक्स आहे ना! चेन्नईवाल्यांचे दोन-तीन वर्षांचे मेल पडलेत तिथे, सगळे तुझ्याच मालाबद्दल, तुझ्याच गाड्यांबद्दल. कधी त्या नजरेने वाचलेस का? प्लीज एक्स्पिडाइट, वी आर रनिंग शॉर्ट ऑफ, काइंडली अरेंज अ रिप्लेसमेंट, द सेम हॅज बीन नोटेड. एवढे तयार वाक्यांचे साचे कुठल्या पुस्तकात मिळणार नाहीत, आणि ते वापरलेस तर समोरच्याला शंभर टक्के कळणार कारण त्याचेच आहेत. एक सांगून ठेवते, 'डू द नीडफुल' वगैरे मंडळी आपल्या देशात बिनधास्त चालतात, उद्या जर्मनीचा कस्टमर आला तर ती जरा जुनाट वाटतील, तेव्हा बघू. मेलमध्ये नाही सापडलं तर डिक्शनरी, पण लर्नर्स डिक्शनरी, शिकणाऱ्यांसाठीची. ही जातच मुळात परदेशी पोरांसाठी जन्माला आली, हॉर्नबी नावाचे गृहस्थ जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांनी दोघा सहकाऱ्यांबरोबर जपानी विद्यार्थ्यांसाठी केली, १९४२ मध्ये टोकियोत निघाली, मग ऑक्सफर्डने घेतली. लाँगमनवाल्यांनी १९७८ मध्ये काढली तेव्हा सगळे अर्थ साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच लिहायचे असा नियमच केला. दोन्ही नेटवर फुकट बघता येतात. तिथे गेलास की अर्थ वाचून बाहेर पडू नकोस, खालची उदाहरणाची वाक्यं बघ, इनव्हॉइस टाकलं की आजूबाजूला सेंड, इश्यू, पे असली क्रियापदं दिसतील, तो खरा माल. मराठी अर्थाची डिक्शनरी पण ठेव जवळ, त्यात कमीपणा काही नाही, वस्तूचं नाव हवं असेल तर सरळ मराठीतून बघावं, उगाच इंग्रजीतून वर्णन वाचत बसू नये.

उजळणीचं म्हणशील तर ते आपल्या आज्ज्यांना माहीत होतं. दिवेलागणीला परवचा व्हायचा, रोज, पाढे आले असले तरी म्हणायचेच, म्हणून साठीतल्या माणसाला अजून एकोणतीस सत्ते झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. फरक एवढाच की रोज सगळंच म्हणायची गरज नाही. १९७२ मध्ये लाइटनर नावाच्या पत्रकाराने जर्मनीत ती खोक्याची पद्धत मांडली, पाच कप्पे, चिठ्ठी बरोबर आली की पुढच्या कप्प्यात, चुकली की परत पहिल्यात, आणि कप्पा जेवढा पुढचा तेवढ्या जास्त दिवसांनी उघडायचा. आज लिहिलेलं उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. नेमकं विसरायच्या बेतात असताना आठवलं की घट्ट बसतं. बुटाच्या खोक्यात जमतं हे. आणि ॲप विचारलंस म्हणून सांगते, अँकी घे, अँड्रॉइडवर आणि कम्प्युटरवर फुकट आहे (आयफोनवर पैसे पडतात), दिसायला भंगार आहे पण आतलं गणित हेच. अट एकच, त्यात दुसऱ्याने बनवलेला पाच हजार शब्दांचा गठ्ठा डाउनलोड करायचा नाही. स्वतःची वाक्यं स्वतः टाइप करायची. टाइप करताना निम्मं बसतं.

आता हिंदूचं एडिटोरिअल. वाईट काही नाही त्यात, पण तुझ्यासाठी आत्ता नाही. नियम साधा आहे, पन्नास शब्दांत एक-दोन अडले तर ते वाचन, दहा अडले तर ती हमाली. आणि विषय माहीत असेल तर अडलेला शब्दही निम्म्या वेळा आपोआप उलगडतो, हे फार मोठं आहे, म्हणून वाचायचं ते असं वाच ज्याचा विषय तुला आधीच ठाऊक आहे. ई-वे बिलाचेच (मालाच्या गाडीबरोबर लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) नियम घे ना, तू तर रोज काढतोस. पन्नास हजाराच्या वरचा माल असेल तर लागतं, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात पाठवायला सक्तीचं झालं, साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस, आणि वाळूज ते चेन्नई अकराशे-बाराशे किलोमीटर म्हणजे तुला सहा दिवस मिळतात, बरोबर? हे तुला पाठ आहे. आता जीएसटीच्या साइटवर हेच इंग्रजीत वाच. तिथे साधारण असं लिहिलेलं असतं, वन डे फॉर एव्हरी टू हंड्रेड किलोमीटर्स ऑर पार्ट देअरऑफ. 'पार्ट देअरऑफ' हा प्रकार तू जन्मात पाहिला नसशील तरी तुला लगेच कळेल की वरच्या उरलेल्या किलोमीटरलासुद्धा पूर्ण एक दिवस मिळतो हेच म्हणतायत, कारण अकराशे सत्तरला सहा दिवस मिळतात हे तू हाताने केलंयस. मग पुढे व्हॅलिडिटी 'एक्स्पायर्स', व्हॅलिडिटी 'एक्स्टेंड' करता येते, माल 'इन ट्रान्झिट' आहे, गाडी 'इंटरसेप्ट' केली, क्रियापदं नुसती रांगेत उभी आहेत तुझ्यासाठी. एडिटोरिअल वाचायला माणसाला आधी इराणचं राजकारण समजायला लागतं, मग शब्द.

ऐकायचं असेल तर क्रिकेट. हसू नकोस. मॅच तर बघतोसच, हिंदी कॉमेंट्री बंद करून इंग्रजी लाव. डोळ्यासमोर चेंडू बॅटची कड घेऊन स्लिपमध्ये गेलेला दिसतो आणि त्याच क्षणी कानावर येतं एज्ड अँड टेकन. सुटला तर ड्रॉप्ड. सोडून दिला तर लेफ्ट अलोन. कॉमेंट्री म्हणजे जवळपास निव्वळ क्रियापदं असतात, कारण घडतंय ते सांगायचं असतं, तुझ्या सोमवारच्या कॉलसारखंच. बाकी बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश आहे, फुकट, कंपनीच्या बसमध्ये ऐकायला बरं. सिनेमा बघायचा तर सबटायटल इंग्रजीच ठेव, हिंदी ठेवलंस की कान झोपतो आणि डोळे काम करतात.

ते छोट्या क्रियापदांना आउट, अप, ऑफ, डाउन लागून जे होतं, रन आउट, हेल्ड अप, पुट ऑफ, ब्रेक डाउन, त्याची लोकांना फार धास्ती असते, याद्या करतात पाच-पाचशेच्या. याद्या नकोत. आपण पण करून टाक, करून बघ, करून ठेव, करून घे असं बोलतो, कुठे नियम शिकलो? कानावर पडलं त्या-त्या प्रसंगात आणि बसलं. तू फक्त तुझ्या डिस्पॅचला लागतात तेवढे पकड. गाडी बंद पडली, ब्रोक डाउन. डिलिव्हरी पुढे ढकलली, पुट ऑफ. ऑर्डर नाकारली, टर्न्ड डाउन. मी बघतो काय झालंय ते, आय विल लुक इनटू इट, हे शेवटचं तर सोन्यासारखं आहे, उत्तर नसताना वेळ मिळतो. असे पंधरा-वीस निघतील, त्यात तुझं निम्मं ऑफिस बसतं.

सोमवारच्या कॉलसाठी रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी दहा मिनिटं काढ, या आठवड्यात काय-काय विचारतील ते तुला माहीतच असतं, कुठली गाडी कुठे आहे, काय शॉर्ट गेलं, पुढचा लॉट कधी. प्रत्येकाचं एक-एक वाक्य, क्रियापदासकट, कागदावर लिहून समोर ठेव. कॉल आहे, व्हिडिओ नाही, कोण बघतंय? आणि मोठ्याने म्हणून बघ, मनातल्या मनात म्हटलेलं तोंडाला माहीत नसतं. नामच आठवलं नाही तर थांबू नकोस, वर्णन करून मोकळा हो, द थिंग वी यूज टू लिफ्ट द पॅलेट्स, द मॅन हू चेक्स ॲट द गेट, तो स्वतःच म्हणेल ओह, यू मीन अमुक, आणि तो शब्द तुला कायमचा बसेल कारण गरज असताना मिळालाय. नाम नसलं तर माणूस तरून जातो. आणि 'प्रॉब्लेम' शब्दावर महिनाभर बंदी घालून बघ, मॅनेजरला पण सांग, गंमत येईल. प्रॉब्लेम म्हणायचं नाही म्हटल्यावर काय झालं ते सांगावंच लागतं.

ग्रामर विचारलं नाहीस, बरं केलंस. वाक्यं पुरी लिहायला लागलास की ते मागून येतं, अडलं तर परत लिही.

राहता राहिला क्लास. पंधरा हजार म्हणजे तुझ्या पगारात थोडे नाहीत, तेव्हा दोन-तीन महिने वही आणि इनबॉक्स चालव, घाई नको. त्यानंतरही वाटलं की समोर बोलायला माणूसच नाहीये (आणि हे खरं असू शकतं, वाळूजला रूमवर कोण बोलणार इंग्रजीत), तर लाव की, पण आधी डेमोला जाऊन बस आणि मोबाइलवर वेळ लावून बघ, तासाभरात सर किती मिनिटं बोलले आणि पोरांना किती मिनिटं तोंड उघडायला मिळालं. सरच पन्नास मिनिटं बोलत असतील आणि फळ्यावर शब्दांची यादी असेल, तर चहा पिऊन परत ये. आणि पहिल्याच दिवशी ऑफर आजच संपतेय म्हणून पूर्ण फी मागितली, तर तो चहासुद्धा तिथे पिऊ नकोस.